मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात मेंदूची शिदोरी कितपत पुरते?

मृण्मयी_के

"मॅरेथॉन पळणाऱ्यांचा मेंदू स्वतःलाच खातो" अशा मथळ्याची बातमी आमच्या रनिंग ग्रुपवर पुन्हा फिरायला लागली आहे. २०२५च्या मार्चमध्ये ती पहिल्यांदा आली होती. आता मुंबई मॅरेथॉनची तयारी जोरात असताना कुणीतरी ती परत उकरून काढली, आणि ग्रुपमधल्या दोघींच्या घरून "बास झालं आता पळणं" असा सूर निघाला. म्हणून हा धागा. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि स्वतः पळते, त्यामुळे विषय दोन्हीकडून जवळचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लांब पल्ल्याच्या, दमवणाऱ्या व्यायामात मेंदूचा साठा खरोखर खाली जातो. तो भरूनही निघतो. मधल्या काळात मेंदू हातावर हात ठेवून बसत नाही, मिळेल तिथून इंधन उचलतो. त्यामुळे पळणं सोडायचं कारण नाही. पळताना न खाण्याचा हट्ट मात्र सोडायला हवा.

आता हिशेब बघू. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के. पण आपण नुसते पडून असलो तरी एकूण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तासाला ५ ग्रॅमच्या आसपास, चहाचा एक चमचा साखर. साठा कुठे किती? यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखळी करून साठवलेलं ग्लुकोज, १०० ग्रॅमच्या आसपास. सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅम, तयारीच्या धावपटूत त्याहून जास्त. रक्तात फिरणारं ग्लुकोज सगळं गोळा केलं तरी ४-५ ग्रॅम. आणि मेंदूचं स्वतःचं ग्लायकोजेन? एखाद-दुसरा ग्रॅम. बाहेरून काहीच आलं नाही तर एवढ्यावर मेंदूचं दहा-पंधरा मिनिटं भागेल, फार तर थोडं जास्त.

साठा इतका लहान, म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याला बरीच वर्षं एका ओळीपलीकडे जागा मिळाली नाही. शिवाय तो चेतापेशींत नसतोच म्हटलं तरी चालेल. चेतापेशींना लागून ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या फाटे फुटलेल्या पेशी असतात. त्यांचा एक हात रक्तवाहिनीला टेकलेला आणि दुसरा चेतापेशींच्या जोडावर. साठा त्यांच्याकडे असतो.

हा साठा मोजणं फार अवघड. प्राणी मेला की काही क्षणांत मेंदूतलं ग्लायकोजेन मोडायला लागतं, आणि मेंदू काढून तपासेपर्यंत हातात चुकीचा आकडा येतो. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातले ताकाशी मात्सुई, हिदेआकी सोया आणि त्यांचे सहकारी यांनी यावर उपाय वापरला तो जोरदार मायक्रोवेव्हचा. सेकंदभरात मेंदूतली सगळी एन्झाइम्स, म्हणजे ही मोडतोड करणारी प्रथिनं, निकामी होतात आणि ग्लायकोजेन त्या घडीला जेवढं असेल तेवढंच राहतं. २०११ साली त्यांनी ट्रेडमिलवर दोन तास पळवलेल्या उंदरांचे आकडे दिले. पहिल्या तासात स्नायू आणि यकृतातला साठा उतरत होता, मेंदूतला मात्र जवळपास जागेवर होता. दोन तासांनी रक्तातली साखर घसरली होती आणि मेंदूतलं ग्लायकोजेनही सगळ्या भागांत खाली आलं होतं. सगळ्यात जास्त घट सेरेबेलममध्ये, ६० टक्क्यांच्या आसपास. तोल सांभाळणारा, पावलांचा मेळ बसवणारा भाग तो हाच.

पुढच्या वर्षी त्याच गटाने दुसरी बाजू दाखवली. विश्रांती आणि खाणं मिळाल्यावर मेंदूचा साठा नुसता भरला नाही, आधीपेक्षा वर गेला. तोही सहा तासांत. स्नायूंना तेच करायला चोवीस तास लागले. चार आठवडे नियमित पळवलेल्या उंदरांत तर कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आणि हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) यांच्यातला रोजचा साठाच वाढलेला दिसला. सरावाने स्नायूंची कोठारं मोठी होतात हे १९६०च्या दशकापासून माहीत आहे. मेंदूही तसंच करतो असं दिसल्यावर मला फार आनंद झाला होता. वर्गात हे सांगताना अजूनही होतो.

एक मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्नायूंकडे ४०० ग्रॅम असले तरी ते ग्लुकोज म्हणून रक्तात सोडता येत नाहीत. त्यासाठी लागणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम यकृतात आहे, स्नायूंत नाही. म्हणजे रक्तातली साखर टिकवायची जबाबदारी मुख्यतः यकृताच्या त्या १०० ग्रॅमवर, आणि त्यातून मेंदूही घेणार, पळणारे पायही घेणार. पळायला किलोमीटरमागे शरीराच्या दर किलोला साधारण १ किलोकॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी अडीच हजार. ग्लायकोजेनचा सगळा साठा मिळून दोन हजार. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी जाळायला वेळ लागतो आणि वेग कमी करावा लागतो. तिसाव्या किलोमीटरनंतर 'वॉल' का लागते, म्हणजे अचानक त्राण जाऊन वेग का कोसळतो, ते या आकडेमोडीत आहे.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देते.

सह्यवेडा

मृण्मयीताई, लेख फार आवडला. एक अनुभव सांगतो. मुंबईच्या फुल मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. तिथे पाय दमतात हे सगळेच सांगतात. माझं मात्र वेगळंच झालं. घड्याळात वेळ दिसत होती, किती किलोमीटर राहिले तेही माहीत होतं, पण त्यावरून पेस, म्हणजे किलोमीटरमागे किती मिनिटं, काढता येईना. सहा गुणिले सात डोक्यात बसेना. मी सनदी लेखापाल आहे, दिवसभर आकड्यांतच असतो. शेजारून पळणाऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली तर घ्यायची की नाही हेही क्षणभर कळलं नाही. हे त्या साठ्यामुळे का?

मृण्मयी_के

सह्यवेडा, तुमच्या त्या वेळच्या साखरेचा आकडा हातात नाही, त्यामुळे नेमकं कारण छातीठोकपणे सांगणार नाही. पण रक्तातली साखर उतरल्यावर आधी असंच होतं. हिशेब, निर्णय, लक्ष हे आधी जातं. पाय त्यानंतरही काही काळ चालत राहतात.

याचा इतिहास सुंदर आहे. १९२४च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये लिव्हाइन, गॉर्डन आणि डेरिक या डॉक्टरांनी अंतिम रेषेवर धावपटूंचं रक्त तपासलं. काहींची साखर खूपच खाली होती. आणि फिकटलेले, थरथरणारे, गोंधळलेले, नीट उभं राहता न येणारे धावपटू बहुतेक त्यांतलेच होते. इन्सुलिन नुकतंच वापरात आलं होतं, त्यामुळे इन्सुलिन जास्त झालेल्या रुग्णाची अवस्था डॉक्टरांनी पाहिली होती. इथेही तेच चित्र आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर कर्बोदकं खायला लावली आणि वाटेत गोळ्या-चॉकलेटं दिली. साखर टिकली, माणसंही शुद्धीत आणि चांगल्या अवस्थेत पोचली. आज आपण पळताना कर्बोदकांच्या घट्ट पाकाची पुडी, म्हणजे जेल, फोडतो त्याची सुरुवात तिथे आहे.

निशिगंध

वाचनखूण साठवली. १९२४ साली हे कळलं होतं आणि आमच्या ग्रुपमध्ये अजूनही "उपाशी पळा, चरबी जळेल" सांगणारे आहेत.

विजय_ठाणे

माहिती चांगली आहे. पण एक शंका राहते. उंदराला दोन तास पळवणं आणि माणसाने साडेचार तास मॅरेथॉन पळणं, यांची बरोबरी कशी करायची? माणसाच्या मेंदूतलं ग्लायकोजेन व्यायामात उतरतं असं कुणी थेट मोजलंय का? नसेल तर "मेंदूचा साठा खरोखर खाली जातो" हे विधान माणसाबद्दल जरा जास्त होतं, असं माझं मत.

मृण्मयी_के

विजयराव, शंका रास्त आहे. माणसाला मायक्रोवेव्हखाली घालता येत नाही, त्यामुळे उंदरांत मिळाला तसा पळण्याआधीचा आणि नंतरचा ग्लायकोजेनचा थेट आकडा माणसात कुणाला काढता आलेला नाही. तरी मी ते विधान का केलं ते सांगते.

पहिलं, मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने खूण म्हणून कार्बन-१३ लावलेलं ग्लुकोज देऊन आणि चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयसारखंच तंत्र, पण रसायनं मोजणारं) वापरून जिवंत माणसाच्या मेंदूतलं ग्लायकोजेन मोजलं आहे. 'एखाद-दुसरा ग्रॅम' हा अंदाज अशा मोजमापांशी जुळतो. त्याच गटाने रक्तातली साखर मुद्दाम उतरवून बघितली, तेव्हा हा साठा मेंदू वापरतो असं दिसलं. व्यायाम नव्हता, पण साखर उतरण्याची अवस्था तीच.

दुसरं, कोपनहेगनमधल्या नील्स सेकर, लार्स निबो वगैरे मंडळींनी व्यायाम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या हाताच्या धमनीत एक नळी आणि मानेतल्या शिरेत, जिथून मेंदूचं रक्त परत येतं तिथे, दुसरी नळी घालून काय आत जातं आणि काय बाहेर येतं ते मोजलं. आरामात असताना मेंदू एका ग्लुकोजमागे जवळपास सहा ऑक्सिजन वापरतो. रसायनशास्त्राच्या हिशेबात बसतं ते. कडक व्यायामात मात्र हे प्रमाण बरंच खाली येतं. मेंदू ऑक्सिजनच्या मानाने जास्त इंधन आत ओढायला लागतो, त्यात ग्लुकोजही असतं आणि लॅक्टेटही. मेंदूची इंधनाची मांडणी तीव्र व्यायामात बदलते, हे माणसातच मोजलेलं आहे.

या दोन्हींच्या जोडीला उंदरांचे आकडे ठेवले की चित्र सुसंगत दिसतं. म्हणून मी विधान मागे घेणार नाही, पण 'किती टक्के' हा आकडा माणसाला लावू नका, हे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.

विजय_ठाणे

आता पटलं. मानेतल्या शिरेत नळी घालून सायकल मारणाऱ्या त्या स्वयंसेवकांना मात्र मनापासून नमस्कार.

रश्मी_जिम

ताई, लॅक्टेट मेंदू वापरतो म्हणजे? आमचे ट्रेनर सांगतात की लॅक्टिक ॲसिड हा कचरा आहे, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते त्याच्यामुळे, म्हणून ते 'फ्लश' करायला मालिश करून घ्या.

फिजिओ_सांगली

रश्मीताई, हे मी सांगतो, रोज दवाखान्यात सांगावं लागतं. व्यायाम थांबवल्यावर तासा-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. पाय दुखतात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर लॅक्टेट कुठलं राहायला! दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, खास करून उतारावर पळताना, कारण तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. सातारा हिल हाफला यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण दोन दिवस जिना उतरताना जे दुखतं ते परतीच्या उताराचं देणं. मालिशने बरं वाटतं, जरूर करा. पण लॅक्टेट घालवायला म्हणून नको.

मृण्मयी_के

फिजिओ_सांगली, आभार, अगदी नेमकं.

लॅक्टेटबद्दल मात्र मला भरभरून लिहायचंय, कारण या पूर्ण विषयात सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. वर लिहिलं की स्नायू आपलं ग्लायकोजेन ग्लुकोज म्हणून बाहेर देऊ शकत नाही. लॅक्टेट म्हणून मात्र देऊ शकतो! जोरात पळताना स्नायू ग्लायकोजेन मोडतो, लॅक्टेट रक्तात सोडतो, ते हृदय वापरतं, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं, आणि मेंदूही ते सरळ उचलून जाळतो. आरामात रक्तातलं लॅक्टेट लिटरला १ मिलिमोलच्या आसपास असतं, जीव तोडून केलेल्या व्यायामात ते १०च्या वर जातं. जितकं जास्त, तितकं मेंदू जास्त घेतो. म्हणजे यकृतावर ताण आलेला असतानाच पाय मेंदूला इंधन पुरवत असतात. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकात लॅक्टेट असं एका पेशीकडून दुसरीकडे फिरतं हे मांडलं, तेव्हा ते पचायला लोकांना जड गेलं.

मेंदूच्या आतही तसंच. १९९४ साली पेलेरिन आणि मॅजिस्ट्रेटी यांनी मांडलं की ॲस्ट्रोसाइट लॅक्टेट तयार करून शेजारच्या चेतापेशीला देतात. यावर वाद अजून चालू आहे, किती प्रमाणात आणि कधी, यावर. पण त्सुकुबाच्या गटाने २०१७ साली एक प्रयोग केला. उंदीर पूर्ण दमेपर्यंत पळवले, तेव्हा मेंदूचं ग्लायकोजेन उतरलं, लॅक्टेट वाढलं, आणि पेशींचं एटीपी, म्हणजे थेट वापरायची ऊर्जा, मात्र टिकून राहिलं. मग औषधाने मेंदूतलं ग्लायकोजेन मोडणं किंवा लॅक्टेट चेतापेशीत शिरणं अडवलं, तर उंदीर लवकर थकले. स्नायू तेच, सराव तोच, फक्त मेंदूची वाट अडवली. दमसास किती टिकणार हे मेंदूच्या त्या छोट्या साठ्यावरही ठरतं, हे निदान उंदरांत तरी त्यातून दिसतं.

रश्मी_जिम

ट्रेनरना हा धागा पाठवते.

अश्विनी_डोंबिवली

सगळं छान, पण मूळ बातमीचं काय? 'मेंदू स्वतःला खातो' ते ग्लायकोजेनबद्दल नव्हतं ना? मायलिन असा काहीतरी शब्द होता. माझ्या आईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, त्यात मायलिनचंच नुकसान होतं. त्यामुळे ती बातमी वाचल्यापासून मी बूट कपाटात ठेवले आहेत.

मृण्मयी_के

अश्विनी, तुझ्यासाठी नीट लिहिते.

मायलिन म्हणजे चेतातंतूंभोवतीचं वेष्टण. त्यामुळे संदेश वेगाने जातात. त्याचा कोरडा भाग बहुतांश स्निग्ध पदार्थांचा असतो, ७० टक्के किंवा जास्त. स्पेनमधल्या बास्क प्रदेशातले पेद्रो रामोस-काब्रेर, कार्लोस मातुते आणि सहकारी यांनी १० मॅरेथॉन धावपटूंचा एमआरआय काढला, शर्यतीच्या आधी आणि नंतर एक-दोन दिवसांत. मेंदूच्या काही भागांत, हालचालींचा मेळ, संवेदना आणि भावनांशी निगडित असलेल्या, मायलिनचा अंदाज देणारा सिग्नल कमी झालेला दिसला. दोन आठवड्यांनी तो बराच सुधारला होता. दोन महिन्यांनी मूळ पातळीवर होता. अभ्यास 'नेचर मेटाबॉलिझम'मध्ये आला. त्यांची कल्पना अशी की ग्लुकोज कमी पडल्यावर मेंदू मायलिनमधली चरबी तात्पुरती इंधन म्हणून वापरत असावा. कल्पना हवेतली नाही. २०२४ साली क्लाउस-आर्मिन नावे यांच्या जर्मन गटाने उंदरांच्या चेतातंतूंवर दाखवलं होतं की ग्लुकोज काढून घेतलं तर मायलिन बनवणाऱ्या पेशी फॅटी ॲसिड जाळून तगतात आणि तंतूंनाही मदत करतात.

आता मर्यादा. दहाच माणसं. एमआरआय मायलिनची चरबी थेट मोजत नाही, मायलिनच्या थरांत अडकलेल्या पाण्याचा सिग्नल मोजतो. मॅरेथॉननंतर शरीरातल्या पाण्याची उलथापालथ झालेली असते, त्यामुळे त्याचा परिणाम आकड्यावर किती झाला असेल हा प्रश्न तज्ज्ञांनी विचारला आहे. चरबी जळाली हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि पळणं घातक आहे असा निष्कर्ष संशोधकांनीही काढलेला नाही.

तुझ्या आईच्या आजाराशी याची गल्लत करू नकोस. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मायलिनवर हल्ला करते, सूज येते, व्रण राहतात. इथे तसं काही दिसलेलं नाही, बदल आला आणि गेला. उलट तो परत कसा भरतो हे कळलं तर त्या रुग्णांसाठी उपयोग होईल, म्हणूनच ही मंडळी यात रस घेताहेत. आईच्या व्यायामाबद्दल तिच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. तू मात्र बूट बाहेर काढ.

अश्विनी_डोंबिवली

ताई, खूप खूप धन्यवाद. एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी जाते.

शर्करा_औरंगाबाद

मला टाइप १ डायबेटीस आहे, लहानपणापासून. दहा किलोमीटर पळतो. या धाग्यावर एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आमच्यासारख्यांना साखर उतरण्याचा धोका पळतानाच असतो असं नाही, त्या रात्री जास्त असतो. रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून भरत असतात आणि इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देतात. संध्याकाळी पळालो की झोपताना तपासतो, गरज वाटली तर खाऊन झोपतो, आणि घरच्यांना सांगून ठेवतो. शिवाय साखर वारंवार उतरत गेली की शरीराची सूचना देणारी लक्षणं, घाम, थरथर, धडधड, ती बोथट होतात आणि सरळ गोंधळ सुरू होतो. टाइप २ मध्येही ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर हे लागू आहे. आपल्या डॉक्टरांशी डोस बोलून घ्या.

मृण्मयी_के

फार मोलाचा प्रतिसाद. सगळ्यांनी वाचावा.

सायकलवारी_नाशिक

आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, तेव्हापासून इथे लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड आहे. मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करतो. दुसऱ्या रात्री पहाटेच्या सुमारास रस्त्याकडेला माणसं उभी असल्यासारखी वाटतात, जवळ गेलं की बाभळीचं झाड असतं. खाणं मी अगदी घड्याळ लावून खातो, तरी होतं. इथे साठ्याचा संबंध की झोपेचा?

मृण्मयी_के

मुख्यतः झोपेचा. खाणं वेळेवर असूनही होतंय हीच मोठी खूण. झोप आणि मेंदूचं ग्लायकोजेन यांचा संबंध जोडणारी एक कल्पना १९९५ साली बेनिंग्टन आणि हेलर यांनी मांडली होती: जागेपणी साठा उतरतो, झोपेत भरतो, झोप त्यासाठीच असते. ऐकायला सुरेख आहे. पण नंतरचे प्राण्यांवरचे प्रयोग एकमेकांशी जुळले नाहीत, कुठे साठा उतरला, कुठे वाढला. त्यामुळे तुमच्या बाभळीचा दोष मी ग्लायकोजेनवर टाकणार नाही. रात्री भास व्हायला लागले की सायकल बाजूला लावा आणि वीस मिनिटं तरी डोळे मिटा. हायवेवरच्या ट्रकवाल्याला तुमची बाभळ दिसत नसते. इथे जेल काही कामाचं नाही.

केटो_केदार

मी कमी कर्बोदकांच्या आहारावर आहे. मेंदू कीटोनवर, म्हणजे यकृत चरबीपासून बनवतं त्या इंधनावर, चालतो ना? मग हा सगळा ग्लुकोजचा खटाटोप कशाला?

मृण्मयी_के

केदार, चालतो, हे खरं. १९६७ साली जॉर्ज केहिल यांच्या गटाने दाखवलं की अनेक आठवडे उपवास केलेल्या माणसांच्या मेंदूची निम्म्याहून जास्त गरज कीटोन भागवतात. पण ती अवस्था यायला दिवस लागतात, आणि तेव्हाही मेंदूला थोडं ग्लुकोज लागतंच, यकृत ते बनवत राहतं. शांतपणे लांब चालायला, हळू पळायला हा आहार काहींना मानवतो. वेग वाढवला की स्नायूंना कर्बोदकं लागतात, कारण चरबीतून त्या दराने ऊर्जा काढता येत नाही. शिवाय स्नायूंत ग्लायकोजेन कमी असलं की लॅक्टेटही कमी बनतं, म्हणजे मेंदूचा तो पुरवठाही आटतो. तुम्ही कशासाठी पळता त्यावर ठरवा.

गौरी_पळते

मी एक गंमत ऐकली होती, गोड पाणी नुसतं तोंडात खळखळून थुंकलं तरी पळायला जोर येतो. खरं का?

मृण्मयी_के

खरं आहे! २००४ साली बर्मिंगहॅममध्ये कार्टर, युकेंद्रुप आणि जोन्स यांनी सायकलपटूंना तासाभराच्या चाचणीत माल्टोडेक्स्ट्रिन या कर्बोदकाच्या द्रावणाने चूळ भरून थुंकायला लावलं. वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारला. पोटात कणभरही गेलं नव्हतं, आणि माल्टोडेक्स्ट्रिनला गोडीही जवळपास नसते. पुढे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की तोंडात कर्बोदक आल्यावर मोबदल्याशी आणि प्रेरणेशी संबंधित भाग जागे होतात. इंधन येतंय हे कळताच मेंदू हात जरा सैल सोडतो, असा त्याचा अर्थ लावतात. तासाभराच्या पळण्यात पोटात मळमळत असेल तर हे करून बघायला हरकत नाही. मॅरेथॉनला मात्र गिळावंच लागेल. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम, एका मध्यम केळ्यात तेवढंच, चार-पाच खजुरांत २५-३०. पहिल्या पाऊण तासापासून सुरू करा, भूक लागायची वाट बघू नका. आणि जे शर्यतीत खाणार ते लाँग रनला खाऊन पोटाला सवय लावा.

मानसी_वाई

ताई, उशिरा विचारतेय. बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत, जानेवारीत त्यांची पहिली फुल मॅरेथॉन, मुंबईची. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय. मी अंतिम रेषेपलीकडे उभी असणार. ते गोंधळलेले दिसले तर साखर द्यायची एवढंच ना?

मृण्मयी_के

मानसी, साखर हे एक कारण. गोंधळ इतर दोन गोष्टींनीही होतो, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

एक, उष्माघात. मुंबईत जानेवारीतही दमटपणा असतो. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चाल वाकडी असेल तर ताबडतोब मेडिकल तंबूत न्यायचं आणि अंग थंड करायला लागायचं. बर्फ, गार पाणी, पंखा, जे असेल ते. थर्मामीटर शोधत बसायचं नाही.

दोन, सोडियम उतरणं, गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्यामुळे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम खाली होतं आणि तिघांचं जीवघेणं खाली. त्यांना आणखी पाणी पाजणं हा चुकीचा उपाय ठरतो. बोटं सुजलेली, अंगठी घट्ट झालेली, डोकं दुखतंय, उलटी होतेय, वाटेत सारखं पाणी प्यायले असं सांगतात, अशा वेळी पाणी थांबवून तंबूत न्या. तहान लागेल तेवढंच प्यायचं, हे बाबांना आत्ताच सांगून ठेव.

भेटल्यावर आधी त्यांच्याशी बोल. छातीवरचा बिब नंबर विचार, गाडी कुठे लावलीय ते विचार, घरचा फोन नंबर म्हणायला सांग. उत्तरं बरोबर आली तर हळूहळू चालवत ने, लगेच बसवू नकोस, चक्कर येते. मग केळं, राजगिऱ्याची चिक्की, गोड लिंबू सरबत. उत्तरं चुकली तर वाट बघायची नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाईल.

आणि वाईपर्यंत गाडी तू चालव किंवा ड्रायव्हर ठेव. बाबा "मी ठीक आहे" म्हणाले तरी त्या दिवशी स्टिअरिंगवर त्यांना बसू देऊ नकोस.

मानसी_वाई

हे सगळं कागदावर लिहून खिशात ठेवते. फोन नंबरचा प्रश्न मस्त आहे, बाबांना आमच्या जुन्या लँडलाइनचा नंबर अजून तोंडपाठ आहे, तोच विचारीन. चिक्की आजी घरी करते, ती घेऊन येईन, तंबूतल्या मंडळींनाही देईन.